गुरुशांतचे भोपळे, धनलक्ष्मीची जीभ

शुक्रवार पेठेत गुरुशांतच्या शेंगा चटणीला नाव होतं. ते नाव त्यानं जिभेवर कमावलं होतं. उखळातून चटणी निघाली की चिमूटभर तो तोंडात टाकायचा, डोळे मिटून उभा राहायचा आणि सांगायचा, "लसूण जुना आहे," नाहीतर, "शेंगदाणे अंमळ जास्त भाजले." त्यानं मान हलवल्याशिवाय एक पुडा दुकानात जात नसे.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याला ताप आला. आठवडाभरात ताप उतरला, खोकला गेला, अंगात ताकद आली. पण तोंडाची चव आणि नाकाचा वास काही परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. गुरुशांतनं वाट बघितली. पावसाळा गेला, दिवाळी गेली. गोड, आंबट, खारट, कडू, सगळं त्याला ओल्या कागदासारखं लागायचं. तिखट तेवढं जिभेला झोंबायचं. ती चव नव्हती, नुसती आग होती, पण काहीतरी लागतंय म्हणून तो भातावर, भाकरीवर, अगदी शिऱ्यावरसुद्धा चटणी घ्यायला लागला. शेवटी त्याच्या बायकोनं, धनलक्ष्मीनं, चटणीची बरणी फडताळात वर ठेवून दिली.

दुकान शिवराजनं, त्यांच्या मुलानं, हातात घेतलं. त्यानं चटणी कुटायचं कामही गावाबाहेरच्या शेडमध्ये नेलं. घरामागचं परस रिकामं झालं. जिथं उखळं होती तिथं चार खड्डे उरले, आणि वर शेंगा वाळवायची गच्ची उन्हात नुसती तापत पडली.

धनलक्ष्मीचा स्वयंपाकही तसाच ओसरला. ती मंगळवेढ्याची. तिच्या हातची भरली वांगी, तिचं आंबट पालेभाजीचं हुळपं शोधत पाहुणे यायचे. आता ती सकाळी भाकरी आणि आमटी करून मोकळी व्हायची. जेवताना पूर्वी गुरुशांत ताट पुढं येताच काहीतरी बोलायचा, कधी वाखाणायचा, कधी खोड काढायचा. आता दोघं गप्प जेवायचे आणि उठायचे.

पुढच्या पावसाळ्यात परसातल्या एका खड्ड्यात, जिथं भाजीचा कचरा टाकला जाई, एक भोपळ्याचा वेल आपोआप उगवला. गुरुशांतनं तो उपटला नाही, कारण त्याला दुसरं काही काम नव्हतं. सुतळी बांधून त्यानं वेल गच्चीवर चढवला. वेलाला जी फळं लागली ती बघून तो चक्रावला. बाजारातला भोपळा गोल, चपटा असतो. हे सुरईसारखे लांब मानेचे, खाली फुगीर, आणि अंगावर हिरवे-केशरी पट्टे.

त्याचा शाळेतला मित्र अभिमन्यू विजापूर रोडला नर्सरी चालवायचा. गुरुशांत एक फळ पिशवीत घालून त्याच्याकडं घेऊन गेला.

"ह्यात नवल काय नाही," अभिमन्यू म्हणाला. "तुझ्या घरी आलेला भोपळा जिथं पिकला, तिथं शेजारी दुसऱ्या जातीचा वेल असणार. मधमाशीनं इकडची पूड तिकडं नेली. फळ आईसारखंच दिसतं, पण त्यातलं बी मिसळीचं होतं. ते तुझ्या परसात उगवलं तेव्हा बापाचं नाक-तोंड बाहेर आलं."

"म्हंजे हे आपण मुद्दाम करू शकतो?"

"करतात की लोक. उद्या पहाटे ये, दाखवतो."

दुसऱ्या दिवशी अभिमन्यूनं त्याला नर फूल आणि मादी फूल ओळखायला शिकवलं. मादी फुलाच्या मागं इवलासा भोपळा असतो, नर फूल नुसत्या देठावर असतं. उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी दोऱ्यानं बांधून ठेवायची, म्हणजे माशी आत शिरत नाही. सकाळी दोरा सोडायचा, आपल्याला हव्या त्या वेलाचं नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढायच्या, आतली पिवळी पूड मादी फुलाच्या मधोमध हलक्या हातानं फिरवायची आणि फूल पुन्हा बांधून टाकायचं.

गुरुशांतला हे काम मनापासून आवडलं. चटणीच्या धंद्यात पहाटे उठायची सवय होतीच. गच्चीवर जुनी पिंपं आणि मातीच्या गोण्या आल्या. शेजारच्या बजाबाईंनी करमाळ्याच्या माहेरून डांगराचं, म्हणजे लाल भोपळ्याचंच, बी आणून दिलं. धनलक्ष्मीच्या भावानं मंगळवेढ्याहून लांब मानेच्या जातीचं पाठवलं. त्या दोघांची मिसळ करून गुरुशांतनं एक पीक काढलं. मग हिवाळ्यात अभिमन्यूकडून झुकिनीचं बी आणलं आणि त्याच्या टोपलीतले शोभेचे छोटे भोपळे बघून तेही मागून घेतले. लिंबाएवढे, कुणाच्या अंगावर फोड, कुणाच्या डोक्यावर मुकुट.

"हे खायचे नसतात बरं," अभिमन्यू देताना म्हणाला.

"मला कुठं खायचेत? मला त्यांचे रंग पाहिजेत," गुरुशांत म्हणाला, आणि झुकिनीच्या मादी फुलांवर त्यानं शोभेच्या भोपळ्याची पूड फिरवली. त्या फळांतलं बी वाळवून पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवून दिलं.

गल्लीतले लोक आता त्याच्याशी भोपळ्यांबद्दल बोलायचे, पण बोलणं शेवटी एकाच जागी यायचं. "काय अण्णा, तोंडाला चव आली का?" दुकानात, देवळात, न्हाव्याकडं, सगळीकडं तोच प्रश्न आणि 'नाही' म्हटलं की तोच पडलेला चेहरा. गुरुशांत त्याला इतका विटला की एकदा बजाबाईंनी विचारल्यावर तो बोलून गेला, "येतीय की आता. थोडी थोडी."

"येऊ दे रं बाबा! सिद्धरामेसरानं ऐकलं," बजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी ती बातमी गल्लीभर केली. संध्याकाळी शिवराज चटणीची वाटी घेऊन घरी आला. "अप्पा, आजचा माल बघा की जरा." गुरुशांतनं चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाला, "मीठ बरोबर आहे." धनलक्ष्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

पुढच्या हिवाळ्यात मिसळीच्या बियांचे वेल गच्चीवर फोफावले. जानेवारीत फळं तयार झाली. एवढी देखणी फळं गुरुशांतनं कधी पाहिली नव्हती. हाताच्या पंजाएवढी, खाली गडद हिरवी, वर हळदीसारखी पिवळी, कुणीतरी मुद्दाम रंगात बुडवून काढल्यासारखी. फळं उतरवली त्या दिवशी धनलक्ष्मी बहिणीच्या नातवाच्या बारशाला अक्कलकोटला गेली होती. सिद्धेश्वराची जत्रा तोंडावर आली होती, हवेत गारवा होता. गुरुशांतनं एक फळ चिरलं, एक फोड चावून गिळली. कुरकुरीत लागली, रसदार लागली. बाकी काही लागण्याचा प्रश्नच नव्हता.

तेवढ्यात बजाबाई पलीकडच्या गच्चीवर वाळवण घालायला आल्या.

"लई गोजिरवाणं दिसतंय रं ते. खायचं हाय का नुसतं बघायचं?"

अभिमन्यूचं बोलणं गुरुशांतला आठवलं. पण ते त्या लिंबाएवढ्या फळांबद्दल होतं, आणि ह्याची आई तर झुकिनी, रोज बाजारात विकली जाणारी. हातातली फोड त्यानं खाऊनही पाहिली होती.

"खायचंच की आक्का. घ्या, भाजी करा."

"चाखलास का?"

"चाखलं की. गोड आहे."

त्यानं दोन फळं कठड्यावरून त्यांच्या हातात दिली.

दुपारी गुरुशांतच्या पोटात मुरडा आला. सकाळी हॉटेलात खाल्लेल्या भज्यांमुळं असेल म्हणून त्यानं ओवा चावला आणि पडून राहिला. चार वाजता पलीकडून आरडाओरडा ऐकू आला. तो धावत गेला. बजाबाई मोरीजवळ भिंतीला टेकून बसल्या होत्या, तोंड पांढरंफटक, उलट्या थांबत नव्हत्या. त्यांची सून वैजयंती ऑफिसातून नुकतीच आली होती आणि रिक्षावाल्याला फोन लावत होती.

"काय खाल्लंत आत्या? काय खाल्लंत?"

"अण्णाच्या वेलाचं... भाजी," बजाबाई कशाबशा म्हणाल्या. "कडू होती. मी म्हणलं कडू हाय म्हंजी साखरंला चांगली. सगळी खाल्ली."

वैजयंतीनं मान वळवून गुरुशांतकडं पाहिलं. "काका, तुमी चाखून दिलं होतं ना?"

तेवढ्यात रिक्षा आली. गुरुशांतनं बजाबाईंना उचलून आत बसवलं आणि स्वतः पुढं ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसला.

दवाखान्यात सलाईन लावली. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं, आणि ऐकल्यावर म्हणाले की कडू दुधीनं होतं तसंच हे. शोभेच्या जातीचा कडूपणा मिसळीत उतरतो, शिजवूनही जात नाही. "वय झालंय, साखर आहे. आजची रात्र इथंच राहू द्या. वेळेवर आणलंत." वैजयंती ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर ती बाकावरून उठली.

"एवढं कडू तुमाला कळलं नाही? जिभेला लावलं तरी माणूस थुंकून टाकील!"

"मला चव येत नाही," गुरुशांत म्हणाला. "आलीच नव्हती. मी खोटं सांगत होतो."

वैजयंतीचे डोळे भरले, रागानं की कशानं ते त्याला समजलं नाही. "घरी जावा काका," ती म्हणाली. "आत्ता मला तुमच्याशी बोलायचं नाही."

धनलक्ष्मी अक्कलकोटहून परतली तेव्हा दिवस मावळायचा होता. परसाच्या दारात तुटलेल्या वेलांचा ढीग होता आणि गच्चीवरून कोयत्याचा आवाज येत होता. ती जिना चढून वर गेली. झुकिनीचे वेल संपवून गुरुशांत आता लाल भोपळ्याच्या वेलाकडं वळला होता. त्यानं कोयता खाली न ठेवताच सगळं सांगितलं. बजाबाईंचं, डॉक्टरांचं, आणि चव न आल्याचं.

"ते मला माहीत होतं," धनलक्ष्मी म्हणाली.

"काय?"

"चव आली नाही ते. दिवाळीत मी आमटीत मीठ घालायचं विसरले होते. तुमी म्हणालात, आज झकास झालीय." ती पायरीवर बसली. "शिवराजलाही माहीत आहे. तो चटणी आधी मला दाखवतो, मग तुमच्याकडं आणतो."

"मग आणतो कशाला?"

"तुमाला बरं वाटावं म्हणून. दुसरं कशाला?"

गुरुशांत पिंपाच्या कडेवर बसला. आपण सगळ्यांना सांभाळून घेतोय असं त्याला वाटत होतं, आणि सगळे मिळून त्याला सांभाळत होते. त्याला लाज वाटली आणि छातीवरचं ओझंही थोडं उतरलं. घरात आता कुणापुढं डोळे मिटून उभं राहायला नको होतं.

"तू बोलली का नाहीस?" त्यानं विचारलं.

"तुमी मला कधी विचारलंत, हे खाऊन बघ म्हणून? एवढे भोपळे काढलेत. फोटो काढलेत, वजनं केलीत, लोकांना वाटलेत. माझ्यापुढं आणून ठेवायचे आणि म्हणायचं, भाजी कर. कसा लागला ते एकदा तरी विचारलंत का? तुमाला लागत नाही म्हणून ती गोष्टच घरातून काढून टाकलीत."

ती म्हणत होती ते खरं होतं. त्याला चव येत नव्हती म्हणून तिनंही जणू उपास धरला होता, आणि ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्यानं कोयता उचलला तेव्हा तिनं त्याचं मनगट धरलं. "साकु," ती कानडीत म्हणाली. "बास झालं आता. जे कडू ते गेलं. हे आक्कांच्या माहेरचं आणि माझ्या माहेरचं आहे, ह्यानं काय केलंय?"

"ह्यातलंही एखादं कडू निघालं तर?"

"मी आहे ना," धनलक्ष्मी म्हणाली.

तिनं चाकू मागवला. राहिलेल्या वेलांवरच्या एकेका फळाची पातळ चकती कापून तिनं जिभेच्या टोकाला लावली, क्षणभर थांबली आणि थुंकली. गुरुशांत पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभा होता. एकही कडू निघालं नाही. एकाची चकती मात्र तिनं गिळली आणि त्याच फळाची दुसरी कापून घेतली.

दुसऱ्या दिवशी बजाबाई घरी आल्या. गुरुशांत त्यांच्या पायाशी जाऊन बसला. काय बोलायचं ते त्यानं वाटेत जुळवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "आक्का, माझं चुकलं. मी खोटं बोललो."

"व्हय, चुकलंच," बजाबाई म्हणाल्या. आवाज बारीक होता पण स्पष्ट होता. "पर मी बी येडीच की. तोंड वाकडं करत सगळी वाटी संपवली. तुजी जीभ गेली, माजी अक्कल गेली." त्या हसल्या आणि मग खोकल्या. वैजयंती दारात उभी होती. ती हसली नाही. तिनं चहा आणून ठेवला, पण पुढं कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. गुरुशांतनं ते मुकाट्यानं सोसलं. तिचा राग रास्त आहे हे त्याला कळत होतं.

शिवराजलाही त्यानं त्याच आठवड्यात दुकानात जाऊन सांगितलं. "आता वाटी आणू नको. तुझ्या अव्वाकडंच दे." शिवराजनं मान खाली घातली. मग म्हणाला, "भाजणी मात्र तुमीच बघा अप्पा. शेंगदाणा दातांखाली कसा फुटतो ते तुमच्याइतकं इथं कुणाला कळत नाही." हे उगाच बोललेलं नव्हतं. गुरुशांतनं मूठभर दाणे चावून पाहिले आणि एका भट्टीचे परत पाठवले. त्या दिवसापासून तो आठवड्यातून दोनदा शेडवर जायला लागला.

जूनमध्ये त्यानं पुन्हा पेरणी केली. शोभेच्या भोपळ्याचं एकही बी त्यानं घरात ठेवलं नव्हतं. करमाळ्याच्या आणि मंगळवेढ्याच्या मिसळीतलं, धनलक्ष्मीनं ज्याची दुसरी चकती घेतली होती त्या फळाचं बी त्यानं लावलं. फुलं यायला लागली तशी धनलक्ष्मीही पहाटे गच्चीवर यायला लागली. कळी बांधायला तिची बोटं त्याच्यापेक्षा हलकी होती. कुठल्या वेलाची पूड कुठं न्यायची यावर दोघांची जुंपायची. त्याला मोठं फळ हवं असायचं, तिला घट्ट गराचं.

"मोठं करून काय करायचंय? मिरवणूक काढायचीय?" ती म्हणायची.

बहुतेक वेळा तिच्याच मनासारखं व्हायचं.

गणपतीच्या सुमारास पहिलं फळ उतरवलं. लांब मान, गव्हाळ साल, चिरल्यावर आतून गर्द केशरी, आणि मानेत एकही बी नाही, नुसता गर. धनलक्ष्मीनं कच्ची फोड तोंडात टाकली. गुरुशांतनं विचारलं, "कसा लागतोय?"

एवढी वर्षं ती चवीचं करत आली होती, पण चव बोलून दाखवायची तिच्यावर वेळ आली नव्हती. ते काम त्याचं असायचं.

"गोड आहे," ती म्हणाली.

"ते मीसुद्धा म्हणालो होतो. नीट सांग."

ती हसली. पुन्हा एक फोड घेतली आणि सावकाश चावली. "कोवळ्या मक्याचं दूध असतं ना, आधी तसा. मग मागाहून भाजलेल्या रताळ्याच्या सालीजवळ लागतं, जरासं करपट, तसं येतंय. आणि शेवटी काहीतरी हिरवं. काकडीचं देठ मोडल्यावर वास येतो, तसं."

गुरुशांतनंही एक फोड घेतली. तो चावत होता, ती सांगत होती. त्याच्या जिभेवर काही उमटलं नाही. पण मक्याचं दूध कसं असतं, रताळ्याची साल कशी लागते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ती बोलत असताना ते सगळं त्याला आठवत होतं. "घट्ट आहे," तो म्हणाला. "धागे नाहीत. कापताना पाणी सुटलं नाही. घारग्याला चालेल."

"पळेल," धनलक्ष्मी म्हणाली, आणि त्या दुपारी तिनं परात भरून घारगे केले. गूळ, वेलदोडा, वर खसखस. तळणीचा धूर परसातून गल्लीत गेला, आणि कुणीतरी दारातूनच ओरडून विचारलं, "धनलक्ष्मीअक्का, काय बेत?"

पहिली थाळी घेऊन गुरुशांत स्वतः पलीकडं गेला. सोबत त्याच भोपळ्याचा कच्चा तुकडा आणि चाकू होता. दार वैजयंतीनं उघडलं.

"आधी ह्याची फोड जिभेला लावून बघ," तो म्हणाला. "तुझ्या काकूनं बघितलीय. तरी तू बघ. मगच आक्कांना दे."

वैजयंतीनं त्याच्या हातातून चाकू घेतला, फोड कापली, खाल्ली. मग ती म्हणाली, "छान आहे काका. या आत, चहा टाकते."

आतून बजाबाईंचा आवाज आला. "कोण, अण्णा हाय का? आन की हिकडं! उंबऱ्यात काय पंचायत मांडलीया!"

त्या हंगामात गल्लीतल्या बहुतेक घरांत तो भोपळा गेला. ज्याला मिळाला त्याला गुरुशांत आधी कच्ची फोड चाखायला लावायचा. लोक हसायचे, पण चाखायचे. आणि कुणी विचारलंच, "अण्णा, तुमाला चव आली का हो?" तर तो सरळ सांगायचा, "नाही आली. ह्यांना विचारा, कसा लागतोय ते," आणि धनलक्ष्मीकडं बोट दाखवायचा. धनलक्ष्मी सांगायची, आणि दरवेळी थोडं निराळं सांगायची.

दिवाळीनंतर एका सकाळी दोघं गच्चीवर बी वाळत घालत बसले होते. अभिमन्यू सांगून गेला होता की ह्या बियांतून पुन्हा सगळे सारखे निघणार नाहीत, कुणी आजीवर जाईल, कुणी भलतीकडंच.

"मग कसं करायचं?" धनलक्ष्मीनं विचारलं.

"सगळे लावायचे. तू चाखायचे. जे तुला आवडतील ते ठेवायचे."

"आणि तुमाला?"

"मला ती लांब मान पाहिजे," गुरुशांत म्हणाला. "आणि चिरताना कर्रकन आवाज आला पाहिजे."

"चालेल," ती म्हणाली आणि ओलं बी बोटांनी पसरवत राहिली.